नकाशावरची रेघ, रानातली शीव

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूचे वाहतूक परवानेही ग्रामसभेच्या हाती आले. मेंढ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे बोलायचे आहे ते वनहक्काच्या अशा दाव्यांसोबत जाणाऱ्या नकाशाबद्दल.

2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार ग्रामसभेच्या वनहक्क समितीने जागेवर पडताळणी करून, ओळखू येतील अशा खुणांसह दाव्याच्या क्षेत्राचा नकाशा करायचा असतो. संगणकावर त्याचा सोपा मार्ग म्हणजे जुना नकाशा स्कॅन करून गिम्प किंवा फोटोशॉपसारख्या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणे आणि पेन टूलने सीमेवर बिंदू टाकत जाणे. बिंदू जोडून होणारा ‘पाथ’ मुळात बिनजाडीचा असतो. जाडी येते ती त्यावरून रंगाची रेघ ओढताना. 1:50,000 च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर 25 मीटरचा पट्टा! मोहाची झाडे त्या पट्ट्यात असतील तर ती कोणत्या गावची?

दुसरा धोका वळणांचा. पाथचे बाक काढणाऱ्या वक्ररेषांना बेझिए यांचे नाव आहे. रेनो कंपनीतले हे अभियंते या वक्ररेषा मोटारीच्या पत्र्याला घाट देण्यासाठी वापरत. बिंदूला जोडलेले हँडल ओढले की रेघ सुरेख वळते, पण नाला तसा वळत असेलच असे नाही. शिवेसाठी सरळ तुकडे आणि जास्त बिंदू हेच बरे, दिसायला ओबडधोबड असले तरी.

खरी गुंतागुंत शेजारच्या गावाशी. दोघांची शीव एकाच नाल्याने जात असेल आणि दोन पाथ वेगवेगळे काढले, तर कुठे फट राहते, कुठे एकाचे रान दुसऱ्यावर चढते. म्हणून सामाईक तुकडा एकदाच काढावा, त्याला नाव द्यावे आणि दोन्हीकडे तोच वापरावा. ‘पाथ 1’, ‘पाथ 2’ अशी नावे ठेवणाऱ्याला महिन्याभराने स्वतःचीच फाईल कळत नाही. वाद झालाच, तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावे, असे नियमच सांगतात.

शिवाय चित्राच्या सॉफ्टवेअरला अक्षांश-रेखांश कळत नाहीत, फक्त पिक्सेल कळतात. हेक्टर मोजायचे तर क्यूजीआयएससारखे नकाशाचे साधन आणि जीपीएसने चालून घेतलेले बिंदू लागतात. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनेही उपग्रहचित्रे व तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक मानले, पर्याय नव्हे. हे योग्यच झाले. गावची शीव आधी म्हाताऱ्यांच्या चालण्यात असते, पडद्यावर नंतर येते.

नकाशे काढून देणाऱ्या संस्थांना आणि तरुणांना एक विनंती आहे. छापील प्रत किंवा साधे चित्र देऊन थांबू नका. त्यात रेघ पिक्सेलांत विरघळलेली असते, पुन्हा हलवता येत नाही. पाथ शाबूत असलेली मूळ फाईल आणि जीपीएसचे बिंदू ग्रामसभेच्या दप्तरी जमा करा.