अवयव टिकवणारी यंत्रे आणि त्यांचा पैसा

दात्याच्या शरीरातून काढलेले हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत धडधडू लागावे लागते. यकृताला साधारण आठ ते बारा तास मिळतात. मूत्रपिंड त्याहून सोशिक, ते दिवसभरही तग धरते. ही मुदत बर्फाच्या पेटीची. अवयव थंड द्रावणाने धुऊन, पिशव्यांत गुंडाळून पेटीत ठेवला की पेशींचे कामकाज एक दशांशाच्या आसपास उतरते. पण थांबत नाही. १९८७मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी बनवलेल्या द्रावणाने या पद्धतीला मोठा आधार दिला, आणि जगभर अजूनही मुख्यतः तीच वापरली जाते.

जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रस्त्यावरच्या सीतापुरा या औद्योगिक वसाहतीतील महात्मा गांधी रुग्णालयात फेब्रुवारी २०१५मध्ये राजस्थानातील पहिले मरणोत्तर अवयवदान झाले, आणि ऑगस्टमध्ये राज्यातील पहिले हृदयप्रत्यारोपण. त्याच ऑगस्टमध्ये पुण्याच्या दात्याचे हृदय मुंबईत मुलुंडला पोहोचले. अशा वेळी भिस्त असते ती बर्फाच्या पेटीवर आणि ग्रीन कॉरिडॉरवर, म्हणजे पोलिसांनी मोकळ्या करून दिलेल्या रस्त्यावर. या व्यवस्थेला पैसा फारसा लागत नाही, मात्र अंतराशी तिचे जमत नाही. जोधपूर किंवा उदयपूर जयपूरपासून तीन-चारशे किलोमीटरवर आहे. तिथून रस्त्याने हृदय आणायचे तर सगळी मुदत प्रवासातच सरते.

अवयव टिकवणाऱ्या यंत्राची युक्ती उलटी. ते अवयवाला गार करत नाही, शरीराच्याच तापमानाला ठेवून त्यातून प्राणवायूयुक्त रक्त फिरवते. यंत्रावरचे यकृत पित्त स्रवू लागते, त्यामुळे ते रोपणयोग्य आहे की नाही याचा अंदाज शल्यविशारदाला आधीच येतो. ऑक्सफर्डच्या ऑर्गनऑक्स कंपनीचे यंत्र यकृत २४ तासांपर्यंत सांभाळते. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत यंत्रावर ठेवलेली यकृते टाकून देण्याचे प्रमाण निम्म्यावर आले.

ही यंत्रे बनवायला पैसा लागतो, आणि त्याहून जास्त लागतो धीर. ऑर्गनऑक्स स्थापन झाली २००८मध्ये, तिच्या यंत्रावरचे पहिले यकृत रुग्णाला मिळाले २०१३मध्ये, आणि जपानच्या तेरुमोने दीड अब्ज डॉलरला ती विकत घेण्याचे जाहीर केले २०२५मध्ये. हृदय आणि फुप्फुसांची यंत्रे बनवणारी अमेरिकेतील ट्रान्समेडिक्स १९९८ची; तिचे शेअर बाजारात आले ते २०१९मध्ये. दोन-तीन वर्षांत परतावा मागणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

भारतात सुरुवातीच्या टप्प्याला केंद्र सरकारच्या बायरॅक संस्थेचे ५० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान मिळू शकते. त्यातून नमुना-यंत्र उभे राहील, रुग्णांवरील चाचण्यांचा खर्च निघणार नाही. दुसरा मार्ग सीएसआरचा: २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. रुग्णवाहिकेसाठी हा पैसा सहज निघतो, दारावर देणगीदाराचे नावही झळकते. अवयवयंत्राला मात्र दर खेपेस नवा नळी-संच लागतो, जो एका वापरानंतर फेकावा लागतो. यंत्र दान मिळाले आणि संचांना पैसा नसला, तर ते कोपऱ्यात धूळ खाते.

खरी अडचण संख्येची आहे. २०२३मध्ये देशात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते होते अवघे १,०९९. बाकी बहुतेक अवयव जिवंत नातेवाइकांचे. तिथे दाता आणि रुग्ण बहुधा शेजारशेजारच्या शस्त्रक्रियागृहांत असतात, यंत्राची गरजच पडत नाही. म्हणून एकेका रुग्णालयाने निधी जमवून यंत्र घेणे हा तोट्याचा सौदा. महाराष्ट्रात अवयववाटप मुंबई, पुणे, नागपूर अशा विभागीय समन्वय केंद्रांकडे आहे. यंत्र अशा केंद्राच्या ताब्यात राहिले, तर एकच यंत्र अनेक रुग्णालयांना पुरेल आणि देणगीदारालाही वापराचा हिशेब मिळेल. सुरुवात मूत्रपिंडाच्या थंड पंपापासून, म्हणजे थंड द्रावण फिरवणाऱ्या यंत्रापासून, करणे शहाणपणाचे: तो उष्ण यंत्रापेक्षा साधा असतो, सोबत नेता येतो, आणि देशात सर्वाधिक मागणीही मूत्रपिंडालाच आहे.