बर्लिनहून : सात तास की नऊ?

आमच्या खालच्या मजल्यावर सध्या दोन आज्यांचं शीतयुद्ध पेटलंय. नात सव्वा वर्षाची. आईबापांना मिळून 14 महिने मिळणारा पालकभत्ता संपला, तेव्हा तिला 'किटा'त, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, घालायचं हे ठरलेलंच. वाद आहे तो तासांचा. स्टुटगार्टची आजी म्हणते, सात तास पुरे, मग घरी आणा. लाइपझिगची म्हणते, राहू दे की नऊ तास, तिचा बाप तसाच वाढलाय.

पूर्व जर्मनीत, म्हणजे लाइपझिगकडे, बाईनं कामावर जाणं गृहीतच होतं. बर्लिनची भिंत पडली तेव्हा तिथली तीन वर्षांखालची बहुतेक मुलं पाळणाघरात होती. पश्चिमेत, स्टुटगार्टकडे, शाळाही दुपारीच सुटायची. पोर भुकेलं दारात उभं राहणार, म्हणून आई घरात. तान्हं मूल ठेवून कामावर जाणारी ती 'राबेनमुटर', डोमकावळी आई. (आपल्याकडे कोकिळेची पिल्लंसुद्धा कावळीच वाढवते, इथे बट्टा तिच्याच नावाला!) आजही पूर्वेत तीन वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं बाहेर सांभाळली जातात, पश्चिमेत साधारण एक तृतीयांश.

खरं तर 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला देशभर किटाचा कायदेशीर हक्क आहे. बर्लिननं 2018 मध्ये फीच काढून टाकली. महिन्याला जेवणाचे 23 युरो तेवढे भरायचे. सरकारी कचेरीतून तासांचं हक्कपत्र मिळतं; नऊ तास हवे तर नोकरीचा किंवा शिक्षणाचा दाखला लागतो. पैशाची सबब उरली नाही, की मग भांडण निव्वळ मनाचं होतं.

मला स्वतःला तासांपेक्षा पहिले आठवडे मोलाचे वाटतात. इथे मूल दारात सोडून पाठ फिरवत नाहीत. पहिले तीन दिवस आईनं किंवा बाबानं तासभर कोपऱ्यात नुसतं बसायचं. चौथ्या दिवशी काही मिनिटं खोलीबाहेर. रडणारं मूल किटातल्या ताईच्या कडेवर शांत झालं, तर वेळ वाढवायची. नाही झालं, तर पुन्हा कोपरा. सोमवारी पहिली ताटातूट करायची नाही, हाही दंडक. आमच्या लेकीला जवळजवळ महिना लागला. माझी आई सांगलीहून रोज विचारायची, "अजून तूच बसतेस का गं तिथे?"

आम्ही नऊ तासांचं पत्र घेतलं आणि साडेतीनला आणायला जातो. ताया आजारी पडल्या की दारावर चिठ्ठी असते, आज दोनलाच न्या. तेव्हा आमचं ते पत्र फ्रिजवर चिकटलेलं असतं आणि मी ऑफिसातून धावत असते.

परवा खालच्या मजल्यावरची ती आई जिन्यात भेटली. काय ठरलं, विचारलं.

"नऊचा अर्ज केलाय," ती हळूच म्हणाली, "पण स्टुटगार्टला सातच सांगितलेत."