जुनी चौकट, नवे घर

(आकाशवाणीवरून केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

सेवाग्रामला येणारे पाहुणे बापूकुटीत शिरले की आधी जमिनीकडे पाहतात आणि मग छताकडे. शेणाने सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून इथे राहायला आले, तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याकडच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. घर बांधताना गांधीजींचा आग्रह साधा होता. सामान जवळपासचे असावे, खर्च कमी असावा आणि राबणारे हात गावातल्या कारागिरांचे असावेत. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनसाठी बांधलेली होती. दुसऱ्यासाठी उभी राहिलेली ती झोपडी गांधीजींनी पुढे स्वतःच्या वापरात घेतली.

हे सगळे ऐकून पाहुणे मान डोलावतात आणि विचारतात, "पण आज असे सामान मिळते कुठे?" प्रश्न रास्त आहे. माती अजून आहे. पण घराला पुरेल असे पक्के सागवान सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, आणि चाकावर कवेलू घडवणारे कुंभारही कमी झाले. मला या प्रश्नाचे उत्तर आमचेच घर पुन्हा बांधताना मिळाले. आज 'जवळपासचे सामान' शोधायचे तर ते जंगलात किंवा खाणीत शोधायचे नाही. ते आपल्याच गल्लीत, पडायला आलेल्या घरांत उभे आहे. आपण मात्र त्याला भंगार म्हणतो.

आमच्या घराची मागची भिंत एका मुसळधार पावसात बसली. भिंतीबरोबर अर्धे छप्पर खाली आले. दुसऱ्याच दिवशी जुन्या लाकडाचा एक व्यापारी दारात हजर झाला. त्याचे म्हणणे असे, की सगळे लाकूड तो स्वखर्चाने उचलून नेईल, जागा मोकळी करून देईल आणि वर एक नवे कोरे दार बसवून देईल. घरातल्या बऱ्याच जणांना ते पटले. आई मात्र म्हणाली, "आधी मोजा तरी."

मग आम्ही मोजले. लाकूड घनफुटावर विकले जाते. रुंदी आणि जाडी इंचांत घ्यायची, लांबी फुटांत घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचे, की घनफूट निघतात. आमच्याकडे १० फुटांच्या, ६ बाय ५ इंची दोन मयाली निघाल्या, म्हणजे सव्वाचार घनफुटांच्या आसपास. ८ फुटांचे, ५ बाय ५ इंची चार खांब होते, त्यांचे साडेपाच घनफूट. मुख्य दाराच्या चौकटीचे पावणेदोनच्या वर. सगळे मिळून जवळजवळ साडेअकरा घनफूट पिकलेले सागवान. त्या बदल्यात जे नवे दार मिळणार होते, त्यात सागवान नावालाही नव्हते. व्यापाऱ्याला मी दोष देत नाही, त्याचा तो धंदा आहे. पण आपल्या जिल्ह्यातली कितीतरी लाकडे अशीच, मोजल्याशिवाय, ट्रकमध्ये चढतात. पुढे ती शहरात जाऊन महागडी मेजे आणि कपाटे होतात, आणि इथे त्या घरातली म्हातारी पावसाळ्यात फुगलेले दार खांद्याने ढकलत बसते.

घरचे लाकूड वाचले तरी ते पुरेल असे नसते. आमचे दोन खांब बुडाशी कुजलेले होते, मागच्या खोलीला दार नव्हते आणि कवेलू अर्धेअधिक फुटले होते. मग शोध सुरू झाला. मोठ्या शहरांत यासाठी बाजारच असतात. मुंबईत चोर बाजार आणि ओशिवरा आहे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, लाकडासाठी नागपुरात लकडगंज आहे. पण आमच्यासारख्यांना कामाचे सामान बहुधा बाजारात पोचण्याआधीच गाठावे लागते. कोण घर पाडणार आहे हे मिस्त्री, सुतार आणि ट्रॅक्टरवाले यांना सर्वांत आधी कळते. हंगामही ठरलेला असतो. कापूस विकून हातात पैसा आला की लोक बांधकाम काढतात, आणि होळीपासून मृगापर्यंत जुनी घरे उतरत राहतात. रस्ता रुंदीकरणाची मोजणी झाली की त्या ओळीतली घरे पाहून ठेवावीत. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळाखोल्यांचे निर्लेखन होते, मग त्यांच्या सामानाचा लिलाव होतो. त्याची सूचना ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत लागते. आपण सहसा ती वाचत नाही, एवढेच.

आता सामान पारखायचे कसे ते सांगतो. लाकूड वरून काळे पडलेले असले म्हणून ते वाईट नसते, आणि रंगवलेले असले म्हणून चांगले नसते. खांबाचे बूड, मयालीची भिंतीत गेलेली टोके आणि चौकटीचा खालचा हात एवढ्या तीन जागा आधी पाहाव्यात, कारण ओल आणि वाळवी तिथूनच शिरते. हातोडीने ठोकून पाहावे. भरीव लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. सुताराची आरी टोचून पाहावी. ती सहज आत गेली तर तेवढा भाग गेलेला समजावा. सागाच्या बाहेरच्या पांढुरक्या थराला कीड लवकर लागते, आतला पिवळसर तपकिरी गाभा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आरा मशीनवर नेण्याआधी प्रत्येक खिळा काढलाच पाहिजे. एका खिळ्याने पाते तुटते, आणि नंतर मशीनवाला जुने लाकूड चिरायलाच नकार देतो. जाडसर लोहचुंबक फिरवला तर आत मोडून राहिलेले खिळेही सापडतात.

मयालीच्या बाबतीत आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. मयालीची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. ६ इंच उंचीची मयाल कुजका भाग तासून ५ इंचांची केली तर उंची सहाव्या हिश्शाने कमी होते, पण ताकद ३६ वरून २५ वर येते, म्हणजे जवळपास तीस टक्के जाते. म्हणून तासलेली मयाल पूर्वीच्याच गाळ्यावर टाकू नये. ती लहान खोलीला वापरावी, आणि नेहमी उभी ठेवावी, आडवी नव्हे.

जुने सामान वापरायचे तर घर बांधण्याचा क्रमही उलटा करावा लागतो. नव्या घरात आधी नकाशा होतो आणि मग त्या मापाचे सामान आणले जाते. इथे सामान आधी येते. आमच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी बजावले, "भाऊ, दार पहिले आना, मंग मी भिंत उचलतो." जुनी दारे आजच्या मापाची नसतात. कुणाची उंची साडेपाच फूट, कुणाची रुंदी पावणेचार फूट. भिंतीत जागा सोडल्यावर दार शोधत फिरलात, तर शेवटी एक तर दार कापावे लागते नाही तर भिंत फोडावी लागते. आम्ही खोलीसाठी दार, दोन खिडक्या आणि एक लोखंडी गजांची जाळी आणून अंगणात ठेवली. सुताराने सगळ्यांची मापे भिंतीवर कोळशाने लिहिली आणि त्यानंतरच पायाची दोरी टाकली.

विटा घेताना त्या कशात जोडल्या होत्या ते पाहावे. मातीत किंवा चुन्यात जोडलेली वीट खरवडून मोकळी होते. सिमेंटमधली बहुधा फुटूनच निघते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर घणघणल्या पाहिजेत, नखाने ओरखडा उठता कामा नये. शंका असेल तर कोरडी वीट तोलावी, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोलावी. वजन एक पंचमांशापेक्षा जास्त वाढले तर ती बाहेरच्या भिंतीला घेऊ नये. पांढरा लोणा फुटलेली वीटही नको, कारण तो लोणा नव्या गिलाव्यातूनही बाहेर येतो.

कवेलूंचे तंत्र निराळे. आपण ज्याला इंग्रजी कवेलू म्हणतो ते मंगलोरी कौल. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला आणि पुढे अनेक कारखाने निघाले. कवेलूच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. वेगवेगळ्या शिक्क्यांच्या कवेलूंच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि पहिल्याच पावसात घर गळते. म्हणून एका छपराला एकाच शिक्क्याचा माल घ्यावा, आणि फुटतुटीसाठी दहा टक्के जास्त घ्यावा.

काही जुन्या वस्तू मात्र फुकट मिळाल्या तरी घरात आणू नयेत. वाकवून सरळ केलेल्या, गंजलेल्या सळया स्लॅबमध्ये घालू नयेत. जुनी वायर आणि जुनी बटणे तर मुळीच नकोत. सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते कापताना किंवा फोडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दणकट असतात, पण ते टिकावेत म्हणून त्यांत डांबरी तेल जिरवलेले असते. कुंपणाला ठीक, स्वयंपाकघराला नाही. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. नव्या घरगुती रंगांतले शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत ठेवण्याचे बंधन २०१७ च्या नोव्हेंबरपासून आले, पण आपले जुने दार त्याआधीचे असते. तो रंग कोरडा घासू नये, ओला करून काढावा आणि लहान मुलांना त्या वेळी लांब ठेवावे.

सामान जसे जुने चालते तशी बांधणीची जुनी खोड चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि छतावरचा मातीचा जड थर हे त्याचे मोठे कारण होते. दगडांत दोष नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. म्हणून जुने दगड पुन्हा लावायचे तर थोड्या थोड्या अंतरावर आरपार दगड घालावा, कोपरे गुंफावेत, दारांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा पट्टा घ्यावा आणि छप्पर हलके ठेवावे. खांब मातीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करावा. लाकडाला जवसाचे तेल पाजावे.

आता पैशाचे बोलू. जुने सामान स्वस्त असते, फुकट नसते. विटा खरवडायला, खिळे उपसायला, माल आणायला मजुरी लागते. दुरून आणलेल्या जुन्या विटेचे भाडे धरले तर नवी वीट परवडते. लाकूड, दारे, खिडक्या, फरशी यांत मात्र खरी बचत होते. घरकुल बांधणाऱ्यांना तर हे फार उपयोगाचे आहे. २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला तेव्हा मैदानी भागासाठी १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर असे गणित होते. पैसे हप्त्याने येतात, आणि शेवटी दारे-खिडक्यांपर्यंत पोचता पोचता पिशवी रिकामी होते. जुन्या घराचीच दारे आधी जपून ठेवली तर ही वेळ येत नाही. माल घेताना पावती मात्र जरूर घ्यावी. सागवान गावाबाहेर न्यायचे असेल तर वनविभागाच्या कार्यालयात परवान्याचे आधी विचारून घ्यावे.

लॉरी बेकर हे इंग्लंडहून आलेले वास्तुकार पुढे केरळात स्थायिक झाले. १९४० च्या दशकात त्यांची मुंबईत गांधीजींशी भेट झाली. आदर्श घराचे सामान पाच मैलांच्या परिसरातले असावे हा गांधीजींचा विचार त्यांनी तेव्हा ऐकला, आणि तो आयुष्यभर आपल्यासोबत राहिला असे ते सांगत. २००७ मध्ये ते गेले, तोवर जुन्या विटा, जुनी कौले, पडक्या घरांतली नक्षीची लाकडे, एवढेच काय रिकाम्या बाटल्याही त्यांनी घरांत बसवल्या. पाच मैलांची अट त्यांनी अशी पाळली.

आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. घर पाडायचे ठरले की कुदळ लावण्याआधी एक दिवस द्यावा. वही घेऊन खोलीखोलीतून फिरावे आणि खांब, मयाली, फाटे, चौकटी, फळ्या, फरश्या, बिजागऱ्या, कडी-कोयंडे यांची मापासह यादी करावी. जे वापरायचे ते वेगळे काढावे. जे नको ते गावात ज्याला हवे त्याला आधी विचारावे. उरेल ते खुशाल व्यापाऱ्याला द्यावे, पण मोजून द्यावे. ज्या कारागिराने ते लाकूड पहिल्यांदा तासले त्याचे नाव आपल्याला माहीत नसते. त्याच्या कामाची किंमत मात्र मोजपट्टी आणि वही घेतली की आपल्याला कळू शकते.