चौकातली देवी

माजिवड्याच्या पश्चिमेला येऊरच्या डोंगरात आजही वारली पाडे आहेत. तरी वर्गात वारली चित्र म्हटले की आम्ही मुलांकडून तारपानाच तेवढा काढून घेतो.

वारल्यांचे मूळ चित्र लग्नाचे. घरातल्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघट देवी, शेजारी पंचशिऱ्या देव. धवलेरी गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. मग त्याला सजावट कसे म्हणावे? आफ्रिकेतल्या कितीतरी मुखवट्यांचे असेच झाले. नाचात अंगावर चढायचे ते मुखवटे नाच, ढोल आणि माणसे मागे ठेवून संग्रहालयाच्या काचेआड गेले.

इकडे 1970 च्या दशकात कागद आला आणि पुरुष चित्रे काढू लागले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (1934–2018) त्यांत अग्रणी. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेती, शिकार, नाच असे सारे जगणे त्यांनी कागदावर आणले, हे मोठेच काम. पण विकायच्या कागदावर देवीला बोलावण्याचे कारण उरले नाही, आणि चौक काढणाऱ्या बायांची नावे फारशी टिपली गेली नाहीत.

पिठाची रेघ भिंतीवर फार टिकत नाही. लग्न लागले की तिचे काम झालेले असते.