सीबीसीच्या रिपोर्टमध्ये फक्त प्लेटलेट पाहू नका

वर्षावासाचे दिवस म्हणजे पावसाचे दिवस. दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर या आपल्या वस्त्यांत तेव्हा तापाचे रुग्ण वाढतात. डॉक्टर सीबीसी करायला सांगतात. रिपोर्ट हाती आला की आपण फक्त प्लेटलेटचा आकडा शोधतो. त्याच कागदावर पांढऱ्या पेशींचाही आकडा असतो, तो मात्र तसाच राहतो.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे रखवालदार. त्या हाडांतल्या मगजात तयार होतात. निरोगी प्रौढ माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी आधी धावून जातात आणि जंतूंना गिळतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या पेशीच. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, कारण तिथल्या गाठीत पेशींची जमवाजमव चालू असते. लिम्फोसाइट पेशी जंतूची ओळख लक्षात ठेवतात. बाळाला लस टोचतो ती या पेशींना आजाराची ओळख आधीच व्हावी म्हणून.

जिवाणूंचा संसर्ग झाला की हा आकडा बहुधा वाढतो. डेंग्यूत तो उलट घटतो. म्हणून अर्थ डॉक्टरांनाच विचारावा. डेंग्यू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. अंगदुखीसाठी मेडिकलमधून मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्रुफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कॅन्सरच्या केमोथेरपीत पांढऱ्या पेशी फार कमी होतात. अशा रुग्णाला ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. त्याला भेटायला गर्दी करू नका. आपुलकी फोनवरूनही दाखवता येते.

याच पेशींपासून आता औषधही बनते. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्राने कार-टी उपचार विकसित केला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी त्याचे लोकार्पण केले. त्याआधी आपल्या खारघरच्या टाटा केंद्रात रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये रुग्णाच्याच टी पेशी काढतात, कॅन्सर ओळखता येईल असा बदल त्यांच्यात करतात आणि त्या परत शरीरात सोडतात.

आपण एवढे करू: बाळाची एकही लस चुकवू नये, ताप दोन दिवसांत उतरला नाही तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जावे आणि जुना रिपोर्ट सोबत न्यावा.