सगळेच धडे वीस गुणांचे नसतात

बिदरचं गुरुनानक देव अभियांत्रिकी महाविद्यालय आणि भालकीची भीमण्णा खंड्रे तंत्रज्ञान संस्था, दोन्ही बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी संलग्न. तिथल्या नेहमीच्या लेखी पेपरात पाच मोड्यूल. प्रत्येकावर दोन प्रश्न, त्यांतला एक सोडवायचा, गुण वीस. ही सवय अंगवळणी पडलेला विद्यार्थी लिनक्सच्या 'एलपीआयसी-१' प्रमाणपत्राकडे वळला, की उद्दिष्टांची यादीही तशीच समसमान वाटून घेतो. पहिली गफलत तिथेच होते.

लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट प्रत्येक उद्दिष्टापुढे भारांक छापते. १०१ आणि १०२ असे दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, ९० मिनिटं. एका पेपरातल्या भारांकांची बेरीजही ६० भरते, म्हणजे भारांक ४ असेल तर साधारण चार प्रश्न. पहिल्या पेपरात कमांडच्या विषयाला, म्हणजे विषय १०३ ला, एकट्याला २६ मिळतात. व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या लिनक्सला फक्त १. दोन्हींना सारखाच आठवडा देणं हा निव्वळ तोट्याचा व्यवहार.

यादीचा क्रम हाच अभ्यासाचा क्रम, हा दुसरा समज. यादी सुरू होते हार्डवेअर आणि बूटपासून. नवख्याला तिथेच अडकायला होतं. शिवाय एकमेकांशी निगडित कामं दोन पेपरांत विखुरलेली असतात. फाइलच्या परवानग्या १०४.५ मध्ये, वापरकर्ते आणि गट १०७.१ मध्ये, एसयूआयडी लावलेल्या फाइली शोधणं ११०.१ मध्ये. वापरकर्ता तयार केल्याशिवाय परवानगी कुणाला द्यायची? म्हणून वहीत 'कोण, काय करू शकतो' असं एकच पान करून तिन्ही उद्दिष्टं तिथे आणावीत. मात्र मूळ क्रमांक समासात लिहून ठेवावेत, नाहीतर पेपरवार उजळणी करताना पंचाईत होते. १०७.१ चा भारांक तर ५ आहे, दुसऱ्या पेपरातला सर्वांत मोठा.

ही यादी क्लासवाल्यांकडून विकत घ्यावी लागते, हाही एक समज. ती संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. प्रत्येक उद्दिष्टाखाली फाइली आणि कमांडची नावं दिलेली असतात, आणि ती यादी अपुरी असल्याचं तिथेच लिहिलेलं असतं. ती नुसती वाचून भागत नाही, कारण काही प्रश्नांत पर्याय नसतात. कमांड स्वतः टाइप करावी लागते. उत्तीर्ण होण्यासाठी ५०० गुण लागतात, पण मोजपट्टी २०० ते ८०० अशी असल्याने ५०० म्हणजे साडेबासष्ट टक्के, हा हिशोबही चुकीचा.

रेड हॅटची 'आरएचसीएसए' याच धर्तीवर असेल असं समजून कित्येक जण तीच वही पुढे ओढतात. ती वेगळीच परीक्षा आहे. तिथे चालत्या यंत्रावर कामं करून दाखवायची असतात, उत्तीर्ण व्हायला ३०० पैकी २१० लागतात, आणि उद्दिष्टांवर भारांक नसतात. इंटरनेट मिळत नाही. यंत्रातली मॅन पेजेस मात्र उघडता येतात, म्हणजे माहिती पटकन शोधणं हाही सरावाचाच भाग. केलेली रचना मशीन पुन्हा सुरू झाल्यावर टिकली पाहिजे, अशी स्पष्ट अट आहे. पार्टिशन माउंट केलं आणि एफएसटॅबमध्ये नोंद करायची राहून गेली, तर रीबूटनंतर ते काम दिसणारच नाही. म्हणून आरएचसीएसएच्या वहीत प्रत्येक उद्दिष्टापुढे एक जादा रकाना आखावा लागतो: रीबूट करून पाहिलं का?