नसलेला हात दुखतो तेव्हा: मेंदूच्या स्कॅनसाठी स्वयंसेवक व्हावं का?

एसटीत नाहीतर उसाला पाणी पाजताना ज्यांनी हा भाग ऐकला त्यांना विषय माहीत आहेच. वाचणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथं भरकटलो तेवढं छाटलंय.

विषय निघाला एका मेसेजवरून. आपल्या पलूसचाच एक पोरगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर आलं होतं की मेंदूच्या एमआरआय अभ्यासासाठी निरोगी स्वयंसेवक पाहिजेत. अभ्यास कशाचा, तर आपलं शरीर आपल्याला 'आपलं' कसं वाटतं याचा. त्यानं विचारलं, "दादा, जाऊ का? आई म्हणते डोक्याशी खेळ नको."

उत्तर द्यायच्या आधी आमच्या भावकीतल्या एका तात्यांची गोष्ट सांगतो. कडबा कुट्टीत त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. आपल्या भागात असा माणूस प्रत्येकाच्या ओळखीत एखादा तरी असतो. जखम भरली, पण तात्या रात्री उठून बसायचे. म्हणायचे, करंगळीत कळ मारतीय, मूठ आवळल्यागत वाटतंय, सोडता येईना. घरचे म्हणायचे, हातच नाही तर दुखतंय काय? मनाला लावून घेतलंय. शेवटी तात्यांनी सांगायचंच बंद केलं.

या दुखण्याला डॉक्टर फँटम लिंब पेन म्हणतात, आणि ते खरं असतं. ते समजून घ्यायला आधी एक साधा प्रयोग बघूया.

१९९८ साली बॉटविनिक आणि कोहेन या दोघांनी 'नेचर'मध्ये तो छापला. तुमचा खरा हात आडोशाला ठेवायचा आणि समोर रबरी हात ठेवायचा. मग दोन्ही हातांवर एकाच वेळी, एकाच जागी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळानं बऱ्याच जणांना रबरी हातच आपला वाटायला लागतो. ब्रश मागेपुढे फिरवला, वेळ जुळली नाही, की भ्रम फिका पडतो. म्हणजे 'हा हात माझा' हा निर्णय मेंदू डोळे, स्पर्श आणि सांध्यांकडून येणारी माहिती जुळवून घेतो, आणि तो दर क्षणाला घेत असतो. २००४ मध्ये हेन्रिक एरसन यांच्या गटानं हाच खेळ स्कॅनरमध्ये केला. हात आपला वाटायला लागला की मेंदूचा कुठला भाग जास्त काम करतो, ते त्यांना दिसलं.

दिसलं म्हणजे काय? मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं. एफएमआरआय तो फरक पकडतो. ही रक्ताची लाट पाच-सहा सेकंद उशिरा येते, म्हणून तीच कृती परत परत करायला लावतात. विचार वाचायचं मशीन नव्हे हे.

आता तात्यांच्या हाताकडं येऊ. मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराचा नकाशा असतो, आणि त्यात हाताशेजारी चेहरा येतो. अनेक वर्षं असं मानलं जायचं की हात गेला की त्याची जागा शेजारचा चेहरा बळकावतो. बांध कोरत शेजाऱ्याच्या रानात घुसावं तसं. १९९० च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी दाखवलं की काही रुग्णांच्या गालाला हात लावला की त्यांना नसलेल्या बोटांत स्पर्श जाणवतो. या कल्पनेला त्यामुळं बळ मिळालं.

पण २०२५ मध्ये हंटर शोन, तमार मेकिन आणि सहकाऱ्यांनी एक वेगळाच अभ्यास छापला. वैद्यकीय कारणानं ज्यांचा हात काढावा लागणार होता अशा तीन जणांचं स्कॅन त्यांनी ऑपरेशनच्या आधी केलं, आणि नंतरही केलं. एका व्यक्तीचं तर पाच वर्षांनीही. आधी खरी बोटं हलवायला सांगितली, नंतर नसलेली. नकाशा जवळपास तसाच होता. चेहऱ्यानं अतिक्रमण केलेलं नव्हतं.

आमच्या भाषेत सांगायचं तर फोन बंद पडला, पण कॉन्टॅक्ट लिस्टमधला नंबर तसाच राहिला. मेंदू त्या नंबरला फोन लावतच राहतो. नकाशा शाबूत असेल तर मेंदूच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या कृत्रिम हातासाठी ही मोठी आशा आहे. आणि 'बिघडलेला नकाशा दुरुस्त करा' या विचारावर बेतलेले उपचार परत तपासावे लागणार.

हात जाणार हे माहीत असताना त्या तिघांनी स्कॅनरमध्ये झोपायला होकार दिला, म्हणून हे कळलं. स्वयंसेवक म्हणून आपण देतो ते हेच. निरोगी माणसाचं स्कॅनही तितकंच लागतं, कारण तुलना कशाशी करणार? हैदराबादच्या ट्रिपलआयटीनं २०१९ मध्ये १०० भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नमुना-नकाशा तयार केला. त्यात आपले मेंदू सरासरी आकारानं पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा थोडे लहान निघाले. (बुद्धीशी याचा संबंध नाही, आधीच सांगतो.) परक्या मापाची पट्टी लावून आपलं काहीतरी कमी पडलंय असं वाटू नये, म्हणून आपली माणसं त्यात पाहिजेत.

म्हणून त्या पोराला म्हटलं, जा. पण हे बघून जा.

पहिलं, लोखंड. ३ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या पन्नास हजार पटींहून जास्त ताकदीचं असतं. पेसमेकर, शरीरातली क्लिप, प्लेट, सगळं सांगायचं. किर्लोस्करवाडीला किंवा एमआयडीसीत लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंग केलं असेल तर तेही. डोळ्यात कधी बारीक किस गेला असेल तर धोका असतो.

दुसरं, आतला अनुभव. क्ष-किरण नसतात. आवाज मात्र भयंकर. कानात बोळे देतात. डोकं काही मिलिमीटर हललं तरी डेटा खराब होतो. बंद जागेची भीती असेल तर आधीच सांगा. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेर काढतात.

तिसरं, संमतीपत्र. आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ते तुम्हाला समजेल अशा भाषेत पाहिजे. नैतिकता समितीची मंजुरी विचारा, सहीची प्रत घ्या. कारण न देता मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी मिळू शकते. पण मोठ्या पैशाचं आमिष दाखवत असतील तर सावध व्हा.

चौथं, हे तपासणीचं स्कॅन नव्हे. चुकून काही सापडलं तर कोण, कसं कळवणार, हे सही करायच्या आधी विचारा.

पाचवं, डेटा. नुसतं नाव काढून भागत नाही. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे तयार केले, आणि चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्यातले ८३ टक्के बरोबर ओळखले. म्हणून स्कॅनमधून चेहरा पुसणार का आणि डेटा कुणाला देणार, हे विचाराच.

आणि तात्या? आरशाचा उपचार असतो. चांगला हात आरशासमोर हलवायचा, म्हणजे गेलेला हात हलताना दिसतो. २००७ च्या एका छोट्या अभ्यासात पाय गमावलेल्या सैनिकांना त्यानं आराम पडला होता. सगळ्यांनाच लागू पडतो असं नाही, त्यामुळं फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा. तात्यांना मी हे सांगितलं, त्या तिघांच्या स्कॅनचंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग काकूंना हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? मी खोटं बोलत नव्हतो."

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आधी त्यांचं म्हणणं खरं माना. डॉक्टर त्यानंतर. भेटू पुढच्या भागात.